धर्मबापाची बस

कोंबडी अंडी चांगली देत होती, हीच खरी पंचाईत होती. रोज एक, खाडा नाही. रविवारी सकाळी ओफेलियानं नवऱ्यापुढे ताटली ठेवली, तेव्हा जवाच्या लापशीशेजारी तेच अंडं होतं, उकडून, सोलून, वर मीठ भुरभुरून. आबेलनं ते बोटानं बाजूला सारलं.

"का रे? आज उपास?"

"भूक नाही."

"मंगळवारपासून भूक नाही तुला." ओफेलिया चुलीकडे वळली. "फाउस्तोनं ही कोंबडी कशाबद्दल दिली म्हणालास?"

"धर्मबापाला देतात. रीत आहे."

"रीत सणाला असते. कार्निव्हल होऊन गेला, सान पेद्रोला तीन महिने आहेत. मधेच कुठला सण उगवला?"

आबेल लापशी ढवळत राहिला. बत्तीस वर्षांच्या संसारात त्याला एवढं नक्की कळलं होतं, की ओफेलिया प्रश्न विचारते तेव्हा उत्तर तिच्यापाशी आधीच असतं. समोरचा किती खोटं बोलतो, एवढंच तिला बघायचं असतं.

मंगळवारी दुपारी पुलापाशी फाउस्तोनं बायकोचं, म्हणजे नार्सिसाचं, मनगट मोडलं, हे आता पुकारालोमा गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. ती त्या दिवशी पुलावर उतरणार हे त्याला कुणी सांगितलं, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. एकट्या आबेलला होतं.

नार्सिसा त्याची सख्खी भाची, बहीण दोमितिलाची पोर. गावातल्या निम्म्या बायकांसारखी तीही लूना मळ्यात गुलाब निवडायची. लांबीप्रमाणे दांडे लावायचे, पाकळ्या तपासायच्या, पंचवीस पंचवीसची जुडी बांधायची. तिच्याइतका चपळ हात अख्ख्या निवडघरात नव्हता. फेब्रुवारीत, प्रेमिकांच्या सणासाठी जगभर गुलाब धाडायच्या घाईत, ती डोळा काळानिळा करून कामावर आली आणि खोकं लागलं म्हणाली. पुढल्या आठवड्यात ओठ फाटला, तेव्हा मळ्याच्या समाजसेविकेनं तिला आत बोलावलं. हिमेना तिचं नाव, पण पदवीवरून सगळे तिला लिसेन म्हणत. लिसेननं बोलतं केलं आणि नार्सिसा बोलली. ती आईकडे राहायला गेली. मळ्यानं तिची पाळी बदलली. फाउस्तो चॅपेलपाशी वाट अडवायचा, म्हणून त्या मंगळवारपासून तिनं पुलावर उतरून पायवाटेनं आईच्या घरी जायचं ठरलं. ही गोष्ट दोघांनाच सांगितली होती. फाटकावरची राखणदार ग्लादिस आणि चार नंबरच्या बसचा ड्रायव्हर.

मळ्याच्या लेखी आबेल हा चार नंबरचा ड्रायव्हर होता, बावीस वर्षं एक अपघात नाही. तो नार्सिसाच्या लग्नाचा पाद्रीनो, म्हणजे नवरा-बायको दोघांचा धर्मबाप आहे, हे मळ्याच्या कुठल्याच कागदावर नव्हतं.

मग मागच्या रविवारी फाउस्तो काखेत कोंबडी घेऊन अंगणात आला. गुडघे टेकले, हात जोडले, ढसाढसा रडला. "पाद्रीनो, मला फक्त माफी मागायचीय तिची. तुम्ही माझे बाप. बापानं लेकराला वाट नाही दाखवायची तर कुणी?" आबेलचा ऊर भरून आला. धर्मबापाकडे पोरगं रडत येतं, तेव्हाच त्या मानाला अर्थ असतो, असं त्याला वाटलं. त्यानं पुलाचं सांगितलं. वेळही सांगितली. वर उपदेश केला, "गोड बोल हं."

मंगळवारी नार्सिसा उतरली आणि बस निघाल्यावर त्यानं आरशात पाहिलं. दोघं पुलाच्या कठड्यापाशी समोरासमोर उभी होती. बोलतायत, चांगलं झालं, असं मनाशी म्हणून त्यानं गिअर बदलला. मग त्याच माणसाच्या कोंबडीचं अंडं कुठून उतरणार?

"चल," ओफेलिया म्हणाली. "बैठकीला उशीर नको. धर्मबाप-धर्ममाय आपणच आहोत, खुर्च्या रिकाम्या दिसतील." तिनं मोठी लोकरी शाल आवळून घेतली. उन्हं चांगली वर आली होती.

"एवढी शाल कशाला?"

"वारा आहे. आणि पोट दुखतंय माझं. चल म्हटलं ना."

समाजघरात प्रार्थना आटोपून गाव जमलं होतं. पुढे रिवाजाप्रमाणे दोन खुर्च्या धर्मबाप-धर्ममायसाठी, आणि त्यांच्यासमोर चटई. नवरा-बायकोचं बिनसलं की याच चटईवर दोघांनी गुडघे टेकायचे. धर्मबापानं विणलेल्या पट्ट्यानं दोघांनाही तीन-तीन फटके द्यायचे, चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या, मग हातात हात देऊन घरी धाडायचं. लग्नानंतरच्या सहा वर्षांत आबेलनं या जोडप्याला हे तीनदा केलं होतं. दोघांना सारखे फटके, न्याय म्हणजे न्याय, असं तो छाती काढून सांगायचा.

या वेळी वेगळं एवढंच, की लिसेन हिमेना आली होती. मळ्याचं माणूस समाजघरात बसलेलं गावानं आजवर पाहिलं नव्हतं.

"जपून बसा, लिसेन," गावच्या कारभारमंडळाची अध्यक्ष ब्लांका म्हणाली. "खुर्ची निवडणुकीत वाटलेली आहे. भरवसा नाही."

लोक हसले. लिसेनही हसली, पण बसताना तिनं खुर्ची एकदा हलवून पाहिली.

फाउस्तो धुतलेला पांढरा शर्ट घालून चटईवर गुडघे टेकून तयारच होता. मागे त्याचा बाप सेगुन्दो टोपी मांडीवर ठेवून बसला होता. आबेल खुर्चीत बसला, ओफेलिया शेजारी, पोटावर दोन्ही हात दाबून. नार्सिसा भिंतीला टेकून उभी होती. डावा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये, गळ्यात बांधलेला.

"ये गं पोरी," दोमितिलानं लेकीला हाक मारली. "ये, गुडघे टेक. लवकर आटपू दे."

"तीनदा टेकले, आई." नार्सिसा जागची हलली नाही. "माझ्या गुडघ्यांनी कुणाचं काय वाकडं केलं होतं?"

"असं बोलतात का चारचौघांत? मारो की मारून टाको, नवरा तो नवराच. माझी आई म्हणायची, तिची आई म्हणायची."

"त्या म्हणायच्या आणि मार खायच्या," मागून कुणीतरी बाई पुटपुटली.

"कोण बोललं ते?" सेगुन्दोनं मान वळवली.

"मी बोलले, तायता सेगुन्दो," वडीलधाऱ्यांना मानानं म्हणायचं ते 'तायता' तिनं मुद्दाम लांबवलं. "हात वर करू का?"

ब्लांकानं टेबलावर थाप मारली. "आधी दुसरी गोष्ट. चार नंबरच्या बायका म्हणतात, उद्यापासून बसमध्ये पाय ठेवणार नाही. नार्सिसाचा थांबा कुणी फोडला ते कळल्याशिवाय नाही. आज तिचा फोडला, उद्या आणखी कुणाचा. लिसेन, तुम्ही सांगा."

लिसेन उठली. मळ्याच्या बैठकीत ती फडाफडा बोलायची, इथे मात्र शब्द जपून टाकत होती. "दोघांनाच माहीत होतं. चौकशी होईपर्यंत आम्ही ग्लादिसला घरी बसवलंय. तायता आबेलांबद्दल प्रश्नच नाही. बावीस वर्षांची सचोटी आहे त्यांची."

मागच्या बाकावर ग्लादिस बसली होती. चाळिशीची, दोन पोरांची आई, तिसरं पोटात. "मी आईशप्पथ कुणाला बोलले नाही," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "फाटकाची किल्ली माझ्याकडे असते. नार्सिसा माझी कोण लागते ते मला कळत नाही का?"

"रडू नकोस, होईल चौकशी," दोमितिला म्हणाली. "आणि कळून तरी काय? ज्यानं सांगितलं त्यानं चांगल्याच मनानं सांगितलं असेल. नवरा-बायकोत समेट व्हावा म्हणून."

हे वाक्य आबेलला वाचवायला आल्यासारखं आलं. त्याला ते धरून बसता आलं असतं. फटके मारले असते, उपदेश केला असता, दुपारपर्यंत सगळं जिकडल्या तिकडे झालं असतं, आणि ग्लादिसची नोकरी गेली असती. त्यानं समोर पाहिलं. फाउस्तो मान खाली घालून वाट बघत होता. शांत होता तो. आबेलला एकदम उमगलं की या पोराला फटक्यांची भीती नाही. तीन फटके म्हणजे त्याला सुटकाच. नंतर तो बायकोचा हात धरून घरी जाणार. तिला त्याच्या घरी नेऊन सोडायचं काम इतकी वर्षं आपण करत आलो.

आबेल उठला. खुर्ची मागे सरकली.

"मी सांगितलं," तो म्हणाला.

"काय सांगितलंत, पाद्रीनो?" ब्लांकानं विचारलं.

"पुलाचं. वेळेचं. मागच्या रविवारी हा माझ्या अंगणात येऊन रडला आणि मी सांगितलं. ग्लादिसचा काही संबंध नाही." त्याला दम लागला. "मंगळवारी मी आरशात दोघांना बघितलं. बोलतायत म्हटलं, आणि गाडी पुढे नेली. मनगट त्यानं मोडलं, पण त्याला तिथे उभा मी केला."

दोमितिलानं तोंडावर हात ठेवला. लिसेनच्या हातातलं पेन तसंच राहिलं. नार्सिसा मामाकडे टक लावून बघत होती, आणि त्या नजरेत राग होता की दुसरं काही, हे त्याला कळेना.

तेवढ्यात ओफेलियाच्या पोटातून आवाज आला. "कॉक."

सगळ्यांच्या माना वळल्या. शाल आतून हलली. "कॉक, कॉक, कॉक," करत शालीच्या फटीतून लाल तुरा बाहेर आला, मग चोच, आणि मग कोंबडीनं गाव कसं काय जमलंय ते एका डोळ्यानं पाहून घेतलं.

"हे काय, ओफेलिया?" आबेलला दुसरं काही सुचलं नाही.

"साक्षीदार. फाउस्तोनं सणाशिवाय दिलेली." ओफेलियानं कोंबडी मांडीवर नीट बसवली. "तू बोलला नसतास तर ही बोलली असती. चार दिवस वाट बघितली तुझी. म्हटलं, म्हाताऱ्याला स्वतःहून उठू दे. नाहीच उठला तर टेबलावर सोडते."

पहिली हसली ती नार्सिसा. आधी नाकातून, मग खुदकन, मग प्लॅस्टरचा हात छातीशी धरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसण्यानं मनगट दुखत होतं, तरी तिला आवरेना. मग चार नंबरच्या बायका हसल्या, ग्लादिस रडता रडता हसली, आणि अख्खं समाजघर हसलं. मंगळवारपासून छातीवर बसलेला धोंडा उतरल्यासारखं आबेलला वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली.

"पाद्रीनो!" फाउस्तो चटईवरून ओरडला. "तुम्ही माझे बाप ना? असं चारचौघांत?"

"बाप आहे म्हणूनच." आबेलनं कमरेचा विणलेला पट्टा सोडला. लोकांना वाटलं आता मारतोय. त्यानं तो गुंडाळून टेबलावर ब्लांकापुढे ठेवला. "ही खुर्ची मी सोडतो. यापुढे मला धर्मबाप म्हणू नकोस."

"मी पण सोडते," ओफेलिया म्हणाली. "आणि ही घे तुझी कोंबडी. अंडी सात घेतली आम्ही, तेवढी माफ कर."

फाउस्तो तसाच गुडघ्यांवर राहिला. पुढे दोन रिकाम्या खुर्च्या, मारायला कुणी नाही, कोंबडी त्याच्या बाजूनं चटई टोचत फिरत होती. त्यानं मागे बापाकडे पाहिलं. सेगुन्दो पोराची बाजू घेणार, हे सगळ्यांनी धरलं होतं. आजवर त्यानं तीच घेतली होती.

सेगुन्दोनं टोपी डोक्यावर चढवली. "ऊठ," तो म्हणाला. "तुला इथे कुणी मारणार नाही. तेवढ्यावर सुटणार नाहीस."

"तात..."

"ऊठ म्हणतो. माझ्याकडे वरच्या घरी राहायचं. मेंढरं आहेत, बटाटे काढायचेत. खाली यायचं झालं तर माझ्याबरोबर. घर तिला राहील, ती जमीन गावानं तिच्या नावावर दिलेली आहे." त्यानं ब्लांकाकडे पाहिलं. "आणि कोर्टाचा कागद आला तर मी स्वतः याला तालुक्याच्या गावी, कायांबेला घेऊन जाईन. पळू देणार नाही. माझ्या बापानं माझ्या आईचे दात पाडले होते. मी लहान होतो, ते दात मी वेचले होते. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही."

फाउस्तो उठला. कुणी त्याला हात दिला नाही, कुणी टोमणाही मारला नाही. तो बापाच्या मागे जाऊन उभा राहिला.

मग खरी बोलणी सुरू झाली, आणि लगेच भांडणही.

"आम्ही पाळी बदलली, डॉक्टर दिला, तिची जागा राखली," लिसेन म्हणाली. "पण मळ्याची जबाबदारी फाटकापर्यंत. बाहेर आमचा इलाज नाही."

"गावची हद्द पुलापासून," कारभारमंडळातला एक म्हातारा म्हणाला. "आम्ही पुलाअलीकडचं बघतो."

"आणि फाटक ते पूल?" ब्लांकानं विचारलं.

"अकरा मिनिटं," आबेल खालच्या आवाजात म्हणाला. त्याला ते कुणी विचारलं नव्हतं, पण ती अकरा मिनिटं त्याच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती.

"माझं मनगट त्याच अकरा मिनिटांच्या टोकाला मोडलं," नार्सिसा म्हणाली. पहिल्यांदाच ती भिंतीपासून पुढे आली. "मळ्यात मी सुरक्षित, गावात मी सुरक्षित. मधे मी कुणाचीच नाही. रोज दोनदा."

लिसेननं वही मिटली. "चूक आमचीही आहे," ती म्हणाली. "गुप्तता पाळायची म्हणून आम्ही गावाला काही कळवलंच नाही. दोघांनाच सांगितलं, म्हणजे पक्कं, असं वाटलं. ड्रायव्हर कुणाचा कोण लागतो ते मी विचारलं नाही."

"विचारलं असतंत तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, लिसेन. या गावात ड्रायव्हर असा नसतोच. असतो तो कुणाचा तरी पाद्रीनो," ब्लांका म्हणाली. "तुम्हाला तिची पाळी ठाऊक, आम्हाला तिची नाती ठाऊक. अर्धं अर्धं घेऊन आपण दोघी झोपलो होतो."

"मग आता?"

"आता नार्सिसाला विचारा. तिचं आहे."

नार्सिसाला कुणी इतक्या लोकांत असं कधी विचारलं नव्हतं. ती थोडी गोंधळली, मग एकेक सांगू लागली. बसनं पुलावर न थांबता तिच्या दारापर्यंत यावं. आणखी दोघी तिच्याबरोबर उतरतील, ते बसमधल्या बायकांनी आधीच आपसांत ठरवलं होतं. तिची वेळ मळ्यानं फोनवर कुणाला सांगू नये, सख्ख्या आईलाही नाही. कोर्टात जायच्या दिवसाचा खाडा मळ्यानं धरू नये, आणि गावानं तिच्याबरोबर माणूस द्यावं. फाउस्तो वरच्या घरातून खाली उतरलेला दिसला, तर समाजघराच्या भोंग्यावरून सांगावं, श्रमदानाला हाकारतात तसं.

"भोंग्यावर काय म्हणायचं?" म्हाताऱ्यानं विचारलं. "नाव घ्यायचं?"

"कोंबडी सुटली म्हणा," ओफेलिया म्हणाली, आणि पुन्हा हशा पिकला. ठरलं मात्र तसंच.

"दारापर्यंत बस नेली तर सगळ्यांना उशीर," लिसेन म्हणाली. "मी मालकांशी बोलते, पण आठेक मिनिटं..."

"ती आमची आम्ही देतो," चार नंबरची एक बाई म्हणाली. "एरवी तरी घरी जाऊन भांडीच घासायचीत."

"आणि ड्रायव्हर?" लिसेननं आबेलकडे न बघता विचारलं. "नियमानं मला त्यांना काढावं लागेल."

आबेलनं टेबलावरच्या पट्ट्याकडे पाहिलं.

"काढू नका," नार्सिसा म्हणाली. "दुसरा आणाल, तो आणखी कुणाचा तरी पाद्रीनो निघेल. या ड्रायव्हरची चूक निदान सगळ्या गावाला पाठ झाली आहे." मग तिनं त्याच्याकडे वळून स्वच्छ सांगितलं, "मी माफ केलेलं नाही हं तुम्हाला."

"नको करूस," आबेल म्हणाला.

ड्रायव्हर. लहानपणी ती त्याच्या खांद्यावर बसून त्याचे कान ओढायची आणि 'मामा' म्हणायची. लग्नाच्या दिवशी त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हापासून ती मानानं 'पाद्रीनो' म्हणू लागली, अहो-जाहो करू लागली. आता नुसता ड्रायव्हर. ते त्याला लागलं, आणि लागलं ते योग्यच, असंही वाटलं.

दुपारी समाजघराच्या अंगणात लांब कापड अंथरलं. ज्यानं त्यानं आपापल्या शालीतून आणलेलं त्यावर ओतलं. उकडलेले बटाटे, मका, शेंगा, चीज, कुणी भाजलेला गिनीपिग. या जेवणात कोण कुणाशेजारी बसतं ते सगळं गाव डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत असतं. लिसेन ग्लादिसच्या शेजारी बसली आणि उद्यापासून फाटकावर या, माझं चुकलं, असं तिला म्हणाली. ग्लादिसनं तिच्यापुढे सगळ्यात मोठा बटाटा सरकवला.

दोमितिला मात्र उभीच होती. आबेल बहिणीपाशी गेला.

"बस ना."

"मी तिला परत धाडायला निघाले होते," दोमितिला म्हणाली. "आबेल, तुला आठवतं, मी एकदा पळून आपल्या आईच्या घरी आले होते? धाकटा पोटात होता. आईनं जेवू घातलं आणि अंधार पडायच्या आत परत नेऊन सोडलं."

"आठवतं. मी बरोबर होतो."

"तू कंदील धरला होतास." ती त्याच्याकडे बघत होती. "माझ्यासाठी कुणी कोंबडी आणली नाही रे शालीत."

आबेलला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. बहिणीचा हात धरून त्यानं तिला कापडापाशी नेलं. नार्सिसानं सरकून आईला जागा केली, आणि एका हातानं बटाटा सोलता येईना म्हणून तो आईपुढे धरला. दोमितिलानं तो सोलून दिला.

सोमवारी चारला पाळी सुटली. फाटकावर ग्लादिसनं अडसर उचलला आणि आबेलला ऐटीत सलाम ठोकला. चार नंबर भरलेली होती. बायकांच्या अंगाला गुलाबाच्या पानांचा हिरवा वास होता. नार्सिसा एका हातानं जमणारं, चिठ्ठ्या चिकटवायचं काम करून आली होती आणि मागे मैत्रिणींत बसली होती.

अकरा मिनिटं झाली. पुलावर कुणी नव्हतं. आबेलनं पूल ओलांडला, चॅपेल ओलांडलं आणि बस अरुंद कच्च्या वाटेवर घातली. फांद्या काचांवर घासत होत्या.

"रंग जाईल गाडीचा!" कुणीतरी ओरडलं.

"जाऊ दे," तो म्हणाला.

दारासमोर त्यानं गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. एकदम इतकं शांत झालं की लांब कुणाची तरी गाय ओरडलेली ऐकू आली. नार्सिसा उतरली, दोघी तिच्या मागून उतरल्या. त्यानं आरशात पाहिलं नाही. तो जागेवरून उठला, दारात येऊन पायरीवर उभा राहिला आणि नीट डोळ्यांनी बघत राहिला. तिनं किल्ली काढली. डाव्या हाताच्या सवयीमुळे उजव्यानं ती लागेना. मैत्रीण मदतीला पुढे झाली, ती नको म्हणाली. दुसऱ्यांदा चुकली. तिसऱ्यांदा कुलूप उघडलं. आत जाऊन तिनं खिडकी उघडली, घर फिरून बघितलं, मग मैत्रिणींना ठीक आहे अशी खूण केली. त्या परत येऊन बसल्या. बसमध्ये तीस बायका होत्या आणि एकीनंही घाई केली नाही.

आबेल तरी पायरीवरून हलेना. तिनं दाराला आतून कडी लावलेली ऐकल्याशिवाय निघायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं.

नार्सिसा पुन्हा दारात आली. हात गळ्यात, केस विस्कटलेले. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्यामागे खिडक्यांतून डोकावणाऱ्या सगळ्या तोंडांकडे.

"मामा, निघ आता," ती म्हणाली. "सगळ्यांना घरं आहेत."

तिनं दार लावलं आणि आतून कडी सरकवली. ती त्याला ऐकू आली.